मांजर असताना, मांजर नसताना

बाबा, काकू रविवारी अकरा वाजता येणार आहेत आणि मांजर ठेवायचं की नाही हे त्यांना तोपर्यंत सांगायचं आहे. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. अकोल्यात त्यांच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षांपासून राहते. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण तुमचं जमलं असतं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाजीचा मळा आहे आणि वांग्याचा भाव विचारला तरी त्या आधी वांग्याची तब्येत सांगतात. मांजर त्यांचंच. पांढरं, शेपटीचं टोक तेवढं काळं. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या परतवाड्याला गेल्या आणि आता तिथेच राहणार आहेत. जायच्या दिवशी मांजर बाजारच्या पिशवीत घालून वर घेऊन आल्या. "लेकीच्या सासूले मांजर चालत नाही. म्हैनाभर ठेवून पाह्य. जमलं त ठेव, नाही त माह्या भाच्यापाशी सेमाडोहले पाठवून देतो. तिथं उंदरं गंज हायेत." मी म्हटलं, सेमाडोहच्या जंगलात बिबटेही आहेत. "मंग काय झालं? ह्या बाईले पाहून थेच पळतीन." त्या मांजराला बाईच म्हणतात. दुसरं नाव नाही.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. महिना मोजून पाहू म्हटलं. मोजायला कारणही होतं. जानेवारीत कंपनीच्या तपासणीत माझा रक्तदाब वरच्या बाजूला निघाला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वयात हे बरं नाही, ताण कमी करा, एकटं राहू नका. लॅबमधली मैत्रीण म्हणाली, मांजर पाळल्याने ताण कमी होतो, तिने फोनवर वाचलंय. मीही वाचलं. कमी होतो म्हणणारे लेख सापडतात आणि वाढतो म्हणणारेही सापडतात; झोप मोडते, दमा होतो, ओरखडे येतात, गावाला जाता येत नाही. एकाही लेखात मांजर घरात येऊन किती दिवस झाले होते ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हा मी एक वही केली. रोज संध्याकाळी आठ वाजता, खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसून, डाव्या दंडावर पट्टा बांधून रक्तदाब. शेजारी झोपेचे तास. शेवटी शेरा. मांजर येण्याआधीचा आठवडाही माझ्याकडे होता, कारण डॉक्टरांनी तेव्हाच लिहायला लावलं होतं. त्याची सरासरी वरच्या आकड्याची एकशे बत्तीस.

हे तुम्हाला सांगते कारण मोजायचं मी तुमच्याकडून शिकले. आता मी रुईच्या नमुन्यांच्या लॅबमध्ये आहे. तुम्ही जिनिंगमध्ये, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, धागा अंगठ्यांत धरून जे सांगायचात ते इथे मशीन सांगतं, लांबी, ताकद, जाडी, सगळं कागदावर छापून. पण मशीनला नमुना आल्या आल्या देता येत नाही. तो उघडून ट्रेमध्ये ठेवायचा, ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक ओलाव्याच्या खोलीत, पूर्ण एक दिवस. कापूस बाहेरची हवा घेऊन आलेला असतो. या खोलीची हवा त्याने घेतल्याशिवाय त्याचा आकडा त्याचा नसतो. पहिल्या दिवशी साहेबांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. तुम्ही जिनिंगमध्ये नमुना टेबलावर पसरून चहा प्यायला जायचात आणि शेतकरी घाई करू लागला की म्हणायचात, "बसू द्या जी त्याले हवेत. तुमी नाही का घरी आल्यावर आधी बसत?"

चौथीच्या उन्हाळ्यात आईने मला शनिवारी तुमच्याबरोबर पाठवायला सुरुवात केली होती. अमरावतीहून दर्यापूर रोडने आठ किलोमीटर. हंगामाचं शेवटचं काम. तुम्ही सरकीपासून धागे ओढता, दोन्ही अंगठ्यांत धरून सरळ करता, आखूड धागे फुंकून टाकता आणि उरलेले काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवता. पट्टी न लावता लांबीचा आकडा सांगता, लांब धाग्याला भाव जास्त, आणि मी तो चिठ्ठीवर लिहिते. एक म्हातारी आजी कापूस घेऊन आल्या आहेत. पदराच्या गाठीतून त्यांनी मला वाळलेली बोरं दिली आहेत. तुम्ही सत्तावीस म्हणालात आणि मी एकोणतीस लिहिलं. तुम्ही चिठ्ठी उचलून पाहिलीत.

"काय लिहिलं?"

"एकोणतीस."

"म्या काय म्हटलं?"

"सत्तावीस."

"मंग वरचे दोन कुठून आणले? बोरातून?"

हमाल हसले, आजीही हसल्या. मला रडू आलं नाही, पण कान गरम झाले ते आठवतं. तुम्ही चिठ्ठी फाडली नाहीत. पेन माझ्या हातात देऊन एकोणतीसवर एक आडवी रेघ मारायला लावलीत, शेजारी सत्तावीस, आणि त्याखाली माझी सही. "खोडरबर नाही. चूक दिसली पाहिजे. बोटाले जे लागलं थेच लिहायचं पोरी. आपल्याले काय पाहिजे, थे इथं कोणी विचारत नाही." लॅबमध्ये आजही मी तशीच दुरुस्ती करते. तिथे तसा नियमच आहे, पण मला तो तिथे शिकावा लागला नाही.

दुपारी डबा झाला की तुम्ही सरकीच्या गोदामाच्या दाराशी उकिडवे बसायचात आणि रिकाम्या वाटीच्या काठावर नखाने टकटक करायचात. तीन वेळा, मग थांबून तीन वेळा. ढिगाच्या मागून जिनिंगची मांजरं यायची. तुम्ही त्यांना हात लावल्याचं मी कधी पाहिलं नाही. उरलेली पोळी डाळीत कुस्करून ठेवायची, दोन पावलं मागे सरायचं आणि ती खाईपर्यंत तिथे उभं राहायचं, बस.

वहीकडे येते. पहिले सहा दिवस मांजर फ्रिजच्या मागे होतं. मी लॅबला गेले की खायचं, मी आले की फ्रिजमागून दोन डोळे. माझे आकडे वाढले. एकदा एकशे एकेचाळीस. झोप सरासरी पाऊण तासाने घटली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'त्रास, फायदा नाही'. सातव्या दिवशी मी लॅबमधून आले तर ते कूलरसमोरच्या फरशीवर आडवं पसरलेलं होतं, आणि मी दार उघडलं तरी उठलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी नवशिक्यासारखी चूक केली आहे. आल्या आल्या नमुना मशीनला लावला होता. ते सहा आकडे मांजराचे नव्हते, अनोळखी खोलीचे होते, आणि माझ्या बाबतीतही तेच म्हणता येईल. माझ्या खोलीत तीन वर्षांत पाण्याच्या कॅनवाल्यापलीकडे कोणी आलेलं नव्हतं. मी सहा दिवसांभोवती चौकट काढली, 'हवेत बसण्याआधीचे' असं लिहिलं आणि सातव्यापासून नवीन मोजणी धरली. यात लबाडी नाही. पण जिथून मोजायला सुरुवात करू तिथे उत्तर बदलतं, हेही मी लिहून ठेवलं.

बारावीनंतर मला वस्त्रतंत्रज्ञानाला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मखमलीचे कात्रीने दोन तुकडे केलेत आणि एक मला दिलात. "मशीन बंद पडली त कामी येईन." मशीन कधी एवढं बंद पडलं नाही. तो तुकडा टेबलावर असतो. या महिन्यात मांजर त्यावर बसायला लागलं. काळ्यावर पांढरे केस फार स्पष्ट दिसतात. एकदा मी दहा-पंधरा केस गोळा केले, अंगठ्यांत धरून सरळ केले, मखमलीवर ठेवले आणि मनात आकडा धरला, अठ्ठावीस. मग पट्टी लावली. चोवीस. चार मिलिमीटरची चूक. तुमची एकाच्या वर कधी जात नसे. हे मी वहीत लिहिलं नाही, कारण त्याचा प्रश्नाशी संबंध नव्हता.

आईला मांजराचं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुले माणूस पाह्य म्हटलं त तू मांजर पाहून राहिली."

"मांजराकडचे पत्रिका मागत नाहीत."

"मागतीन कशाले? तू घरी कव्हा असते, हे त्यायले मालूम हाय न." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "सांभाळून वं. तुह्या बाबायले डॉक्टरनं मांजर नाही म्हटलं होतं."

ते मला आईने सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांची यादी अमरावतीच्या घरी फ्रिजवर मीच चिकटवली होती. तुमची छाती जिनिंगच्या धुळीने गेली, नोकरी सुटली आणि डॉक्टरांनी सांगितलं, धूळ, धूर, उदबत्ती, केसाळ जनावर, सगळं लांब. मी दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. फुंकून काटा बघायची प्लास्टिकची नळी मी तुम्हाला रोज सकाळी फुंकायला लावायचे आणि आकडा लिहायचे. "काहून वं, ढोलताशाच्या पथकात भरती करून राहिली काय मले?" असं म्हणून तुम्ही फुंकायचात. तेव्हा मागच्या दाराशी एक तांबूस मांजर येत होतं. तुम्ही खुर्ची दारात ओढून घ्यायचात, वाटीवर टकटक करायचात आणि ते यायचं. आता मात्र ते तुमच्या मांडीवर बसायचं आणि तुम्ही हात लावायचात. मी दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावलं नाही. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा त्याला कापडी पिशवीत घातलं, स्कूटी काढली आणि आठ किलोमीटरवर जिनिंगच्या गोदामाशी सोडून आले. तिथे उंदीर आहेत, दुसरी मांजरं आहेत, असा विचार केला होता. निर्णय बरोबर होता. आजही मला कोणी ती यादी दाखवून विचारलं तर मी तेच सांगेन.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "मांजर दिसली नाही आज."

मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "नाही दिसली." त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

त्यानंतर अकरा संध्याकाळी तुम्ही दारात बसून वाटी वाजवलीत. तीन वेळा, थांबून तीन वेळा. मी आतल्या खोलीत असायचे आणि मोजायचे. अकराव्या संध्याकाळनंतर सुट्टी संपली आणि मी हॉस्टेलला गेले. नळीचे आकडे माझ्याकडे आहेत. मांजर असतानाचे अकरा दिवस, सरासरी दोनशे दहा. मांजर नसतानाचे अकरा दिवस, सरासरी दोनशे दहा. फरक आढळला नाही. दिवाळीपर्यंत तुम्ही गेलात.

आता वहीतला एकोणिसावा दिवस. लॅबमधून साडेसहाला आले तर गच्चीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मांजर खोलीत नव्हतं. फ्रिजमागे नाही, पलंगाखाली नाही, कूलरच्या खोक्यातही नाही. खाली उतरले, गल्लीत गेले आणि तिथे उभी राहिले, कारण हाक काय मारायची ते कळेना. बाई, बाई म्हटलं असतं तर ओट्यावर बसलेल्या चार जणींनी माना वळवल्या असत्या. तशीही त्यातल्या एकीने विचारलंच, "काय हरपलं वं म्याडम?" मी सांगितलं. "मांजर होय? येईन न थे. मांजर का मोबाइल हाय, हरपाले?" मी गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आले. मुख्य रस्त्यापर्यंत गेले आणि तिथे ट्रक बघत उभी राहिले, किती वेळ ते मी नोंदवलं नाही. मग वर आले, स्टीलची वाटी घेतली, पुन्हा गल्लीत गेले आणि काठावर नखाने टकटक केली. तीन वेळा, थांबून तीन वेळा. मी हे आधी कधी केलेलं नव्हतं. त्या मांजराला ही खूण माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी ती करत राहिले, आणि करताना, बाबा, मला कळलं की हा आवाज बाहेरून किती लहान असतो. आत खोलीत बसून तो मला खूप मोठा वाटायचा.

मांजर शेजारच्या छपरावरून आलं, वाटीमुळे की भुकेमुळे ते सांगता येणार नाही. आठला पाच कमी होते. मी खुर्चीत बसले, पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस.

गेल्या रविवारी आईशी बोलताना मी हे सांगितलं. अठ्ठेचाळीस नाही, वाटीचं. आई म्हणाली, "तुह्या बाबायसारखं केलं म्हण." आणि मग मी तिला ते दुसरं सांगितलं, पिशवीचं, स्कूटीचं. नऊ वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला आश्चर्य वाटलं नाही.

"त्यायले मालूम होतं न वं."

"काय?"

"जिनिंगच्या चौकीदाराचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. तुमची पोट्टी मांजर सोडून गेली म्हणे. मी म्हटलं, विचारा न तिले. त म्हणे, सांगन थे आपल्या मनानं."

मी विचारलं, मी हॉस्टेलला गेल्यावरही बाबा वाटी वाजवत होते का? आईला प्रश्नच कळला नाही. "तू गेल्यावर कशाले वाजवतीन?"

म्हणजे वाटी मांजरासाठी वाजत नव्हती. अकरा संध्याकाळी तुम्ही दारात बसून मला दुरुस्तीला वेळ देत होतात, आणि मी आत बसून टकटक मोजत होते. आईचा फोन ठेवल्यावर मी हे असंच्या असं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

आज शनिवार. दुपारी हिशेब मांडला. पहिले सहा दिवस सोडून चोवीस दिवसांची सरासरी एकशे एकतीस पूर्णांक सहा. आधीच्या आठवड्यापेक्षा थोडी कमी. मांजराच्या बाजूने. काकूंना दाखवण्यासारखी. पण यंत्राचीच चूक दोन-तीन आकड्यांची असते, त्यामुळे या थोड्याला काही अर्थ नाही, आणि माझ्या लॅबमध्ये असा अहवाल आला तर मी त्यावर 'फरक आढळला नाही' असंच लिहीन. एकदा मी मांजर घरातून काढलं होतं तेव्हाही शेवटी फरक आढळला नव्हता. आता तेवढ्याच आकड्यावर ठेवायचं का, असा प्रश्न उरतो. झोप मोडते हे खरं आहे. हातावर तीन ओरखडे आहेत. दिवाळीला अमरावतीला जायचं तर मांजराची सोय बघावी लागेल. आणि संध्याकाळी साडेसहाला खोलीचं कुलूप उघडताना माझा हात आता जरा घाई करतो, त्यासाठी रकाना नाही.

मांजर आत्ता मखमलीवर आहे. हा कागद मी त्याच्या शेपटीखालून ओढत ओढत लिहिते आहे. तो वहीत ठेवीन. वही लॅबची नाही, घरची आहे, तिथे कोणी बघत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एकोणिसाव्या दिवसासमोर मी एकशे अठ्ठावीस लिहिलं होतं. वीस कमी. कोणी बोरं दिली नव्हती. आत्ता त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला, सही केली. सरासरी एकशे बत्तीस पूर्णांक चार झाली, मांजराच्या विरुद्ध. आणि दुसरी, काकूंना उद्या सांगायचं आहे हे मी वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. काल संध्याकाळी, हिशेब मांडायच्या आधीच, मी त्यांना फोन केला होता, येताना पिशवी आणू नका म्हणून.